सीमारेषेवरचा माणूस

आमचे सिंदेवाही हे गाव क्रिकेटसाठी प्रसिद्ध आहे, असे कोणी म्हणणार नाही. ज्यांस ते ठाऊक आहे त्यांस ते धानामुळे, येथील भात-संशोधन केंद्रामुळे, गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या आगगाडीमुळे, नाही तर पश्चिमेस पसरलेल्या ताडोबाच्या जंगलामुळे ठाऊक असते. पावसाळ्यात पाण्याने डबडबलेल्या बांध्या आणि मालगुजारांच्या काळचे काठोकाठ भरलेले तलाव, हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांचे मंडप, आणि उन्हाळा लागताच मोहाच्या फुलांचा वास. एवढ्यात आमचे वर्ष सरते. तथापि धानाची मळणी आटोपून पोती घरात आली, की त्यानंतरच्या काही आठवड्यांत इकडील तरुण मंडळी ज्या ईर्षेने क्रिकेट खेळतात ती पाहिली म्हणजे पानिपतची आठवण व्हावी! गावोगावचे संघ येतात, वर्गणी जमते, ध्वनिक्षेपक लागतो, आणि वर्षभर एकमेकांच्या बांधावर बसून तंबाखू खाणारी माणसे चार दिवस एकमेकांकडे तिरप्या डोळ्यांनी पाहतात.

जी हकीकत मला सांगावयाची आहे ती अशाच एका अंतिम सामन्याची आहे. सन २०२३ चा जानेवारी महिना होता. ती सांगण्यात आमच्या घराची थोडी आणि माझी बरीच बेअब्रू आहे. परंतु ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखाली नांदतात, त्या घरांतील वाचकांस ती अगदीच परकी वाटणार नाही अशा समजुतीने लिहीत आहे.

आमचे घर मोठे. थोरले बंधू (त्यांस आम्ही सर्वजण दादा म्हणतो), वहिनी, मी, माझे कुटुंब, मुले, सुना, आणि ऐंशी उलटलेली आई. दादा शेती पाहतात. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो. दादांचे शेंडेफळ, ज्यास घरात अजून 'बाळ' म्हणतात, ते त्या वेळी एकोणीस वर्षांचे होते आणि डाव्या हाताने जलद गोलंदाजी करीत होते. त्याच्या खोलीत देवाची तसबीर लहान आणि झहीर खानाची मोठी. त्याचे कारण उघड आहे. झहीर खानही डावखुरा. आणि शिवाय तो मुंबई-पुण्याचा नव्हे, तर नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा. ज्या मुलाचे गाव नकाशावर बोट ठेवून दाखवावे लागते त्यास श्रीरामपूर हे फार जवळचे वाटते.

त्या दिवशी सामन्याचे नेमलेले पंच आलेच नाहीत. मंडळींनी मला गाठले. "गुरुजी, दोन्ही संघांतली मुले तुमच्याच हाताखालून गेली आहेत, तुम्ही उभे राहा," असे ते म्हणाले. माझा पुतण्या एका संघात आहे ही अडचण मी बोलून दाखविली; ती समोरच्या संघाने हसून उडवून लावली. मला तेव्हा बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे. आपल्या निःपक्षपातीपणाची लोकांस खात्री आहे, ही भावना निवृत्त शिक्षकास पेन्शनीपेक्षाही सुखावह असते.

त्यातून बाळच्या दृष्टीने त्या दिवसाचे महत्त्व निराळेच होते. जिल्ह्याच्या संघाकरिता मुले पारखणारे एक गृहस्थ मुद्दाम आले होते आणि कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. शेवटचे षटक आले तेव्हा प्रतिपक्षास सहा चेंडूंत सात धावा हव्या होत्या. चेंडू बाळच्या हाती आला. पहिल्या दोन चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. तिसरा चेंडू आत वळला आणि मधली यष्टी उखडून गेला. मैदानात एकच कल्लोळ उठला. बाळ दोन्ही हात पसरून धावत सुटला. आणि त्याच क्षणी माझा उजवा हात आडवा झालेला लोकांनी पाहिला. मी 'नोबॉल' दिला होता. पुढचा पाय रेषेबाहेर पडला होता.

बाळ थांबला. माझ्याकडे चालत आला आणि सगळ्यांस ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काका, चांगुलपणा मिळवायला मीच सापडलो का तुम्हाला?"

मी काही बोललो नाही. तो परत गेला, चेंडू मांडीवर घासला, आणि नेहमीच्या खुणेच्याही पाच-सहा पावले मागून धावत आला. तो चेंडू जमिनीवर टेकलाच नाही. तो सरळ समोरच्या फलंदाजाच्या खांद्याशी, गळ्याखालच्या हाडावर आदळला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो मुलगा बॅट टाकून खाली बसला. तो कोण म्हणाल, तर आमच्याच शेताशेजारी ज्यांचे दोन एकर आहेत आणि जे धान लावणीच्या वेळी आमच्याकडे येतात, त्यांचा थोरला.

नियमाप्रमाणे असा चेंडू जाणूनबुजून टाकणाऱ्याच्या हातून गोलंदाजी काढून घ्यावयाची असते. तेवढे मी केले असते तर माझे कर्तव्य संपले असते. परंतु मी पंच राहिलो नाही. मी पुढे झालो आणि शेकडो माणसांच्या देखत बाळच्या कानशिलात लगावली.

राहिलेले चेंडू दुसऱ्याने टाकले. आम्ही हरलो. कडुनिंबाखालची खुर्ची केव्हा रिकामी झाली ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

त्या रात्री आमच्या घरात पाने मांडली गेली, वाढली गेली, आणि बहुतेक तशीच उचलली गेली. दादा एवढेच म्हणाले, "चूक त्याची होती. पण चारचौघांत हात टाकायला तो तुझा विद्यार्थी नव्हता, माझा मुलगा होता." आणि त्यानंतर ते माझ्याशी बोलेनासे झाले. एकत्र कुटुंबातील अबोला ही काय चीज आहे, हे ज्यांनी अनुभविले आहे त्यांस सांगावयास नको. निरोप मुलांमार्फत जातात. 'काकांना म्हणावं पाणी तापलंय.' एकाच ओसरीवर दोन वर्तमानपत्रे दोन टोकांस उघडली जातात. आई दोघांच्या तोंडाकडे पाहते आणि जपाची माळ उगाच भरभर ओढते.

मला झोप येईना. अंधारात पडल्यापडल्या मला याच घरातला दुसरा एक दिवस आठवला. तो म्हणजे २३ मार्च २००३. बाळ जन्मला तो त्याच वर्षी. जोहान्सबर्ग येथे जागतिक चषकाचा अंतिम सामना होता आणि आम्ही सर्वजण याच माजघरात दूरदर्शनसंचापुढे दाटीवाटीने बसलो होतो. गांगुलीने नाणेफेक जिंकून ऑस्ट्रेलियास फलंदाजी दिली आणि पहिले षटक झहीर खानास दिले. त्या स्पर्धेत आपल्या बाजूने सर्वांत अधिक, म्हणजे अठरा बळी त्याने घेतले होते. त्याच्यावर विसंबू नये तर कोणावर विसंबावे? परंतु त्या षटकात आम्ही जे पाहिले ते काही निराळेच होते. नोबॉल पडत होते, चेंडू वाइड जात होते, आणि गोलंदाज फलंदाजाच्या अंगावर जाऊन मॅथ्यू हेडनशी शब्दाला शब्द वाढवीत होता. षटक संपले तेव्हा पंधरा धावा झाल्या होत्या. दादा त्या वेळी म्हणाले होते, "हा पोरगा चेंडू टाकत नाही, भांडण टाकतो आहे." पुढे ऑस्ट्रेलियाने दोन गडी गमावून ३५९ धावा केल्या, पाँटिंग १४० वर नाबाद राहिला, झहीरच्या सात षटकांत ६७ धावा निघाल्या आणि बळी एकही पडला नाही. आपण १२५ धावांनी हरलो.

केवळ त्या एका षटकाने सामना गेला असे म्हणणे गणिताच्या शिक्षकास शोभणार नाही. तरी त्या षटकात काय घडले याचा विचार मी त्या रात्री केला. जलद गोलंदाजाची सारी विद्या वस्तुतः मनगटात आणि बोटांच्या टोकांत असते, आणि तिला सैलपणा लागतो. संताप आला की रक्त उसळते, मूठ आवळली जाते, मनगट ताठते, धाव लांबते. धाव लांबली की पाऊल रेषेपुढे पडते. मनगट ताठले की चेंडू दिशा सोडतो. म्हणजे नोबॉल आणि वाइड ही रागाची अगदी बिनचूक भाषांतरे होत. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधाची उतरण सांगितली आहे: क्रोधापासून मोह, मोहापासून स्मृतीचा भ्रंश, आणि तेथून बुद्धीचा नाश. लहानपणी पाठ करताना मला कोडे पडे की मध्ये ही स्मृती कोठून आली? रागावलेला मनुष्य विसरतो काय? आता वाटते, तो शिकलेले विसरतो. दहा वर्षे हाताला लावलेले वळण हात विसरतो. बाळ विसरला, आणि चौतीस वर्षे 'मुलांवर हात टाकू नका' असे नव्या शिक्षकांना सांगत आलेला मीही विसरलो. मग त्याच्यात आणि माझ्यात फरक तो काय? त्याच्या हातात चेंडू होता, माझ्या हातात नव्हता, इतकाच.

या गोष्टीचे टोक कोठवर जाते हेही आपल्या देशाने पाहिले आहे. सन १९९१ च्या जानेवारीत जमशेदपूर येथे दुलीप चषकाचा अंतिम सामना चालू होता. शेवटच्या दिवशी पश्चिम विभागाचा जलद गोलंदाज रशीद पटेल आणि उत्तर विभागाचा फलंदाज रमण लांबा यांच्यात जुंपली. पटेलांनी हातात यष्टी घेऊन लांबांवर चाल केली; लांबांनी बॅट उगारली. पुढे प्रेक्षकांतून दगड आले आणि खेळ तेथेच बंद पडला. चौकशी होऊन पटेलांस तेरा महिने आणि लांबांस दहा महिने खेळण्याची बंदी झाली. लांबा १९९८ साली ढाक्यास फलंदाजाच्या अगदी निकट क्षेत्ररक्षण करताना डोक्यावर चेंडू लागून वारले. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. परंतु त्या दिवशी भांडणाऱ्या दोघांपैकी एकास पुरती आठ वर्षेही मिळणार नव्हती, हे मनात आले की यष्टी आणि बॅट दोन्ही क्षुल्लक वाटू लागतात.

सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी वहिनींनी मला अडविले. त्या थोड्या बोलणाऱ्या. म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? तो नोबॉल खरा होता ना?"

मी तत्काळ 'होय' म्हणावयास तोंड उघडले आणि ते तसेच राहिले. चुन्याची रेषा दुपारपर्यंत पायांखाली विसकटून गेली होती. पाऊल तिच्या आसपास पडले होते. परंतु पाऊल पडण्याच्या आधीच माझ्या मनात एक विचार चालू होता: आता याने बळी घेतला तर लोक म्हणतील, काका उभा होता म्हणून. तो विचार आधी आला की पाऊल आधी दिसले, हे मी शपथेवर सांगू शकत नव्हतो. आजही सांगू शकत नाही. बाळने मैदानावर उद्दामपणाने जे म्हटले त्यात उद्दामपणा होता, तसे थोडे सत्यही होते. आणि माझा हात उठला तो चेंडूमुळे की त्या सत्यामुळे, हाही हिशेब मला मांडता येईना.

"ठाऊक नाही," मी म्हणालो.

वहिनी रागावल्या नाहीत. "मग ते त्याला सांगा," त्या म्हणाल्या. "आणि आधी त्या लेकराच्या घरी जाऊन या. दोघे जा. त्याला मी तयार केले आहे."

येथे मला सुनील गावसकरांची मेलबर्नची हकीकत आठवल्यावाचून राहत नाही. सन १९८१ चा फेब्रुवारी. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा तिसरा आणि अखेरचा कसोटी सामना. मालिकेत आपण एकाने मागे. दुसऱ्या डावात गावसकर आणि चेतन चौहान यांनी पहिल्या गड्यासाठी १६५ धावा काढल्या होत्या. गावसकर ७० वर असताना डेनिस लिलीच्या चेंडूवर पंच रेक्स व्हाइटहेड यांनी त्यांस पायचीत दिले. चेंडू आधी बॅटीस लागला आहे अशी गावसकरांची खात्री होती. त्यांनी बॅट पॅडवर आपटून दाखविली. लिली पुढे येऊन काही बोलला. आणि परतू लागलेले गावसकर मागे वळले व चौहानांसही आपल्याबरोबर मैदानाबाहेर नेऊ लागले. ज्यांच्या संयमाचे दाखले शाळाशाळांतून द्यावेत असे ते फलंदाज, आणि संघाचे नायक! दोघेही सीमा ओलांडते तर सामना आपण सोडला असेच ठरले असते.

परंतु सीमारेषेवर दोन माणसे उभी होती. संघाचे व्यवस्थापक विंग कमांडर शाहिद दुर्राणी आणि साहाय्यक व्यवस्थापक बापू नाडकर्णी. त्यांनी गावसकरांस जाऊ दिले, चौहानांस परत फिरविले, आणि खेळ चालू राहिला. नाशिकचे बापू नाडकर्णी हे कोण, ते जुन्या वाचकांस सांगावयास नको. सन १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध लागोपाठ एकवीस षटके एकही धाव न देता टाकणारे ते हेच. त्या डावात बत्तीस षटकांत त्यांनी अवघ्या पाच धावा दिल्या. एवढा धीर ज्याच्या हातात होता तो मनुष्य त्या क्षणी सीमेवर असावा, हा योगायोग मला नेहमी सूचक वाटत आला आहे. पुढे काय झाले? ऑस्ट्रेलियास जिंकण्यास १४३ धावा हव्या होत्या. कपिल देव मांडीच्या दुखापतीने जायबंदी होता, तरी अखेरच्या दिवशी त्याने गोलंदाजी केली आणि २८ धावांत पाच बळी घेतले. पायाचे हाड दुखावलेले दिलीप दोशी लंगडत चेंडू टाकीत राहिले. ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धावांत संपला. ५९ धावांनी आपण जिंकलो आणि मालिका बरोबरीत सुटली. आपल्या त्या कृतीबद्दल गावसकरांनी पुढे खेद व्यक्त केला आहे.

आमच्या बाबतीत सीमारेषा माझीच होती. रागाने बाहेर पडणाऱ्या मुलास तेथे उभे राहून परत फिरविणे हे माझे काम होते, आणि मी त्याच्याच मागोमाग बाहेर पडलो होतो. आम्हां दोघांस परत फिरविण्यास स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर वहिनींना उभे राहावे लागले.

आम्ही दोघे चालत गेलो. वाटेत एक शब्दही झाला नाही. त्या घरी मुलगा खाटेवर बसला होता, हात गळ्यात बांधलेला. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले होते. त्याच्या वडिलांनी आम्हांस बसावयास दिले, पाणी दिले, आणि वाईट एक शब्द बोलले नाहीत. तो अधिक लागला. शेवटी एवढेच म्हणाले, "हाड जुळन जी, गुरुजी. पन लाखोळी कोन उपटन?"

धान निघाल्यावर त्याच ओलीवर आमच्याकडे लाखोळी, जवस घेतात. दोन एकरांच्या संसारात ते पीक वरकमाईचे नसते. मीठमिरची त्यावर चालते. आणि ते काढावयास घरातला सर्वांत जोमदार हात नेमका मोडला होता. मी औषधपाण्याच्या खर्चाविषयी काही बोलू लागलो, तोच बाळ मध्येच म्हणाला, "मी येईन." आणि त्या मुलाकडे पाहून, "मी मुद्दाम टाकला होता," असेही म्हणाला. त्या मुलाने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिले आणि म्हटले, "मले मालूम हाये."

परतताना तलावाच्या पाळीवर मी थांबलो. म्हणालो, "बाळ, तो नोबॉल होता की नाही, हे मला नक्की सांगता येत नाही. आणि मी तुला मारले ते पंच म्हणून नव्हे."

तो पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काका, पाय कुठे पडला ते मलाही नाही सांगता येत. पण दुसरा चेंडू कुठे टाकायचा ते मला पक्के ठाऊक होते." थोड्या वेळाने त्याने खिशातून फोन काढला. "काल रात्री मी दोन षटके पाहत होतो," तो म्हणाला. "एक २००३ चे आणि एक २०११ चे. आठ वर्षे लागली त्याला."

ती आठ वर्षे मग मीही नीट समजून घेतली. मधल्या काळात झहीर खान संघाबाहेर फेकला गेला होता. सन २००६ मध्ये तो इंग्लंडमध्ये वुस्टरशायरकडून एक संबंध मोसम खेळला आणि ७८ बळी घेऊन आला. तेथल्या थंड, ओलसर हवेत दिवसामागून दिवस चेंडू टाकीत त्याने वेगापेक्षा वळण आणि वळणापेक्षा धीर साधला. त्याच्या पुढल्या वर्षी नॉटिंगहॅमच्या कसोटीत तो फलंदाजी करीत असता कोणी इंग्रज खेळाडूंनी खेळपट्टीवर लहान मुलांच्या रंगीत गोळ्या टाकल्या. झहीर संतापला, बॅट रोखून तो केविन पीटरसनच्या अंगावर गेला. परंतु हातात चेंडू आला तेव्हा तो राग त्याने मुठीत ठेवला नाही. दुसऱ्या डावात ७५ धावांत पाच, सामन्यात एकंदर नऊ बळी. आपण सात गडी राखून जिंकलो, आणि १९८६ नंतर इंग्लंडमध्ये प्रथमच मालिका पदरात पडली. क्रोध त्याला तेव्हाही आला होता. तो येऊ नये असा उपाय कोणापाशी नाही. तो हातापर्यंत उतरू द्यावयाचा की नाही, एवढेच माणसाच्या हाती असते.

आणि मग २ एप्रिल २०११, मुंबईचे वानखेडे मैदान. पुन्हा जागतिक चषकाचा अंतिम सामना, पुन्हा पहिले षटक झहीर खानाकडे. त्या षटकात एकही धाव गेली नाही. आरंभीच्या पाच षटकांपैकी तीन त्याने निर्धाव टाकली, अवघ्या सहा धावा दिल्या, आणि थरंगाचा बळी घेतला. पुढे त्याच दिवशी शेवटच्या षटकांत त्याला चोपही मिळाला. दहा षटकांत साठ धावा झाल्या. पण सामना आपण जिंकला होता, आणि स्पर्धेत एकवीस बळी घेऊन तो पाकिस्तानच्या आफ्रिदीबरोबर सर्वांच्या पुढे होता. त्या स्पर्धेत त्याने एक संथ चेंडू वापरला. अमेरिकेत बेसबॉल नावाचा जो खेळ आहे त्यातील चेंडूफेके बोटांची पेरे वाकवून, नखांच्या टोकांवर चेंडू धरून असाच एक फसवा चेंडू फेकतात. झहीरचा हा चेंडू त्याच जातीचा. हात वेगाने फिरतो आणि चेंडू मात्र सावकाश निघतो. चेन्नईला वेस्ट इंडीजचा डेव्हन स्मिथ त्यावर फसला, अहमदाबादेस ऑस्ट्रेलियाचा माइक हसी. आवळलेल्या मुठीतून तो चेंडू निघूच शकत नाही, असे बाळ मला समजावून सांगत होता. आणि आयुष्यभर मुलांना शिकविलेला मी तलावाच्या पाळीवर उभा राहून शिकत होतो.

फेब्रुवारी महिनाभर बाळ रोज पहाटे त्या शेतावर गेला. लाखोळी उपटून उपटून त्याच्या तळहातांस फोड आले. वहिनी रात्री त्यांवर तेल लावीत. जखमी मुलगा बांधावर बसून त्यास नावे ठेवी. 'तुझा हात चेंडूसाठी बरा, कामासाठी नाही,' असे तो म्हणे. हाड जुळले. त्या वर्षी जिल्ह्याच्या संघात दोघांपैकी कोणीच नव्हते. दादांचा आणि माझा अबोला मात्र समारंभाने सुटला नाही. अकराव्या दिवशी सकाळी त्यांनी आपले वर्तमानपत्र वाचून झाल्यावर मधले पान माझ्याकडे सरकविले आणि म्हणाले, "शब्दकोडे अर्धे राहिले आहे, बघ." आईच्या हातातली माळ थांबली. आमच्या घरात क्षमा अशीच मागतात आणि अशीच करतात. ती पद्धत चांगली आहे असे माझे म्हणणे नाही, पण ती चालते.

पुढल्या हिवाळ्यात पंच म्हणून उभे राहण्याची विनंती मला पुन्हा झाली. मी हात जोडले. दादा आणि मी सीमारेषेपाशी सतरंजी टाकून बसलो. बाळची गोलंदाजी चालू होती आणि त्याच्या चेंडूवर एक अगदी सोपा झेल सुटला. झेल सोडणारा म्हणजे तोच, गेल्या वर्षीचा जखमी मुलगा. त्या साली दोघे एकाच संघात होते. बाळ जागच्या जागी थांबला. कमरेवर हात, मान ताठ. ती मान मला ओळखीची होती. आरशात मी ती पुष्कळदा पाहिली आहे. त्याने वळून सीमेकडे पाहिले. दादा काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही. मी उठून उभा राहिलो, इतकेच.

त्याने बोटे दोन-तीनदा उघडली, मिटली, चेंडू दुसऱ्या हातात घेतला, आणि आपल्या खुणेकडे चालू लागला.